जलरंगाची पेटी: आधी हात, मग रंग

आपल्याकडे बहुतेकांची पहिली जलरंगाची पेटी त्यांनी स्वतः निवडलेली नसते. एलिमेंटरी नाहीतर इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षेचा फॉर्म भरला जातो, ड्रॉइंगचे सर फळ्यावर यादी लिहितात आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून ट्यूबांचा पुठ्ठ्याचा खोका घरी येतो. क्रिमसन, लेमन यलो, यलो ऑकर, सॅप ग्रीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना, काळा, पांढरा. परीक्षा होते, ट्यूबा वाळतात. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी नोकरी-संसारातून जरा उसंत मिळाली की पुन्हा रंगवावंसं वाटतं आणि या वेळी यादी येते ती यूट्यूबवरच्या एखाद्या आवडत्या चित्रकाराकडून. तो छत्तीस रंग वापरतो, म्हणून छत्तीस मागवले जातात. खिसा रिकामा होतो आणि चित्रं होती तेवढीच गढूळ राहतात.

यात रंग वाईट असतात असं नाही आणि हातही वाईट नसतो. दोघांची जोडी जमलेली नसते, एवढंच. जलरंगात कोणी कागद चिंब करून एका बैठकीत काम उरकतो, कोणी एक थर पूर्ण वाळल्यावर दुसरा चढवतो, कोणी पेनाच्या रेषांत हलका रंग सोडतो. यातली प्रत्येक पद्धत रंगाकडून निराळी वागणूक मागते. आपण कागदावर पाणी किती ठेवतो आणि ते वाळेपर्यंत आपल्याला धीर निघतो का, या दोन प्रश्नांची खरी उत्तरं ज्याच्यापाशी आहेत, त्याची अर्धी पेटी ठरलेली असते.

ट्यूबेत मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंगाची बारीक पूड, ती कागदाला धरून ठेवणारा बाभळीच्या गोतातल्या झाडांचा डिंक आणि ओलावा टिकवणारं ग्लिसरीन किंवा मध. पूर्वी चित्रकार किंवा त्याचा शागीर्द ही पूड स्वतः खलत बसे. लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनी पाण्यात सहज विरघळणाऱ्या वड्या काढल्या आणि १७८१ मध्ये तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांचा गौरव केला. विन्सर अँड न्यूटन ही कंपनी १८३२ ची. तिने १८३५ च्या सुमारास ग्लिसरीनचे मऊ पॅन आणले आणि १८४६ मध्ये जलरंगाच्या ट्यूबा. पॅन घ्यावेत की ट्यूबा, हा प्रश्न तेव्हापासूनचा. उत्तर आपल्या ब्रशच्या जाडीत असतं. बारा नंबरचा ब्रश अर्ध्या पॅनमध्ये घासत बसलं तर ब्रशचे केस जातात आणि हवा तेवढा दाट रंग काही हाती लागत नाही. मोठे वॉश देणाऱ्याने ट्यूबेतला ताजा रंग काढावा. चार नंबरच्या ब्रशने खिशातल्या वहीत रंगवणाऱ्याला पॅन पुरतात.

आता पुडीचा स्वभाव. रंगाचं नाव आपण छटेवरून लक्षात ठेवतो, पण कागदावर काम करतात ते त्याचे इतर गुण. पहिला पारदर्शकपणा: खालचा थर आणि कागदाचा पांढरा उजेड वर येऊ देतो की झाकतो. दुसरा, डाग धरणं: वाळल्यावर ओल्या ब्रशने उचलता येतो की कागदात कायमचा मुरतो. थॅलो ब्लू मुरतो, कोबाल्ट ब्लू बऱ्यापैकी उचलता येतो. तिसरा गुण रवाळपणाचा.

हा तिसरा गुण डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. खरखरीत कागदाचा एक तुकडा घ्या. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना पॅलेटवर भरपूर पाण्यात मिसळा आणि तो राखी रंग कागदावर ओतून कागद आडवाच ठेवा. पहिल्या मिनिटाला सगळं एकसारखं दिसतं. मग अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना धरून गोळा व्हायला लागतात आणि कागदाच्या खोलगट जागी बसतात, सिएनाचा तांबूसपणा उंचवट्यांवर रेंगाळतो. वाळल्यावर जवळून पाहिलं तर राखी रंगच नसतो. निळे ठिपके आणि तांबूस धूसर यांची वीण असते. लांबून पाहिलं की तीच ओली भिंत, पावसाळी ढग किंवा जुना काळा दगड दिसते. आता अल्ट्रामरीनच्या जागी थॅलो ब्लू घेऊन हेच करा. राखी येईल, पण सपाट आणि गुळगुळीत, शाईसारखा. दोन्ही राखी बरोबरच आहेत. प्रश्न एवढाच, की तुमच्या चित्राला यातला कोणता लागतो.

दुकानात ट्यूब हातात घेतली की पुढचं नाव वाचून थांबू नका. मागे बारीक अक्षरांत एक सांकेतिक क्रमांक असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो ब्लू, पीव्ही १९ म्हणजे क्विनाक्रिडोन रोझ. कंपनी कोणतीही असो, क्रमांक बदलत नाही. नावं मात्र वाटेल तशी बदलतात. सॅप ग्रीन आणि पेन्स ग्रे ही दोन-तीन पुडींची मिश्रणं आहेत आणि प्रत्येक कंपनीचं मिश्रण वेगळं. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलं असेल तर मूळ पूड आत नाही, तिच्यासारखी दिसणारी स्वस्त पूड आहे.

इंडियन यलोची गोष्ट तर मजेशीर आहे. बिहारात मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावात गाईंना आंब्याचा पाला खाऊ घालून त्यांच्या मूत्रातून हा पिवळा काढतात, असं त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी १८८३ मध्ये लंडनला लिहून कळवलं होतं. आज त्या नावाच्या ट्यूबेत गाय नाही, आंबाही नाही. कारखान्यात बनलेली पूड आहे आणि ती प्रत्येक कंपनीची निराळी. म्हणून क्रमांक वाचायचा. एकाच पुडीचे रंग घेतले की मिश्रणात किती जण आलेत हे आपल्याला कळतं. दोन पुडी मिसळल्या तर रंग ताजा राहतो, तीनपर्यंत सांभाळता येतो. ज्या दोन ट्यूबांत आधीच तीन-तीन पुडी आहेत त्या मिसळून हिरवा काढायला गेलं, तर सहा जणांचं भांडण होतं आणि आपण म्हणतो, माझा हात गढूळ आहे.

महाराष्ट्रात जलरंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते उघड्यावर बसून केलेलं निसर्गचित्र. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं आणि तिथून शिकून निघालेल्या पिढ्यांनी हे माध्यम इथल्या मातीत रुजवलं. धुरंधर, हळदणकर, कोल्हापूरचे आबालाल रहिमान, पुढे नाशिकचे शिवाजी तुपे आणि आज पुण्याचे मिलिंद मुळीक ही नावं चित्रकलेच्या बाहेरच्या माणसालाही ठाऊक असतात. गोदाघाटावर किंवा वाईच्या पेठेत रविवारी सकाळी जे ग्रुप बसतात, त्यातले बहुतेक याच वाटेचे: आकाशाचा ओला वॉश, त्यातच लांबचे डोंगर, जरा सुकत आलं की मधली झाडं, शेवटी चार गडद फटकारे आणि माणसं.

या हाताला रंग फार लागत नाहीत. लागतो तो चांगला राखी आणि लागते ती मिसळायला ऐसपैस जागा. निसर्गचित्राचा मोठा भाग शुद्ध निळा, पिवळा, लाल असा नसतोच. राखीकडे झुकलेल्या निळ्या-तांबड्यांचा असतो. तेव्हा अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर हे तीन खांब. त्यात एक थंड पिवळा, एक गुलाबी लाल आणि थॅलोचा निळा किंवा हिरवा एवढं घातलं की झालं. ऑकर थोडा अपारदर्शक असतो, पण एका बैठकीच्या कामात ते खपून जातं. उलट वाळलेल्या गवतावरची धूळ त्यानेच साधते. माझं स्पष्ट मत आहे की अशा चित्रकाराने पहिली दोन वर्षं काळी ट्यूब उघडूच नये. अल्ट्रामरीन आणि सिएना दाट घेतले की पुरेसा काळोख मिळतो आणि तो जिवंत असतो.

हिरव्याचं मात्र बघायला हवं. आपल्याकडचा हिरवा वर्षभर एक नसतो. जुलैत भातखाचरांचा पोपटी लेमन यलो आणि थॅलो ब्लूशिवाय येत नाही, कारण दोघांतही लालाचा अंश नाही. तोच लेमन यलो अल्ट्रामरीनमध्ये घातला तर हिरवा दबतो. अल्ट्रामरीन मुळात जांभळ्याकडे झुकलेला आणि जांभळा पिवळ्याला मारतो. पण मे महिन्यातल्या करवंदीच्या जाळीला हा दबलेला हिरवाच लागतो आणि त्यासाठी ऑकर अधिक अल्ट्रामरीन हे सरळ उत्तर आहे. आंब्याच्या कोवळ्या तांबूस पालवीत तर हिरवा जवळजवळ नसतोच. सिएनात गुलाबी लाल घाला. हे तीनही रंग सॅप ग्रीनच्या एका ट्यूबेत शोधत बसणाऱ्यांची झाडं सगळी सारखी दिसतात.

थरावर थर चढवणाऱ्याची गरज अगदी उलटी. त्याचा प्रत्येक थर खालच्या थराची काच व्हायला हवा. ऑकर आणि कॅडमियमसारखे झाकणारे रंग इथे तिसऱ्या थरालाच चित्र मातकट करतात. शिवाय वरचा ब्रश फिरताना खालचा थर सुटता कामा नये, म्हणून डाग धरणारे, पारदर्शक रंग उपयोगी: थॅलो ब्लू, क्विनाक्रिडोन रोझ, एखादा पारदर्शक पिवळा. हे रंग तसे अलीकडचे आहेत. थॅलो बाजारात आला तो १९३५ मध्ये आणि क्विनाक्रिडोन १९५८ मध्ये. आधीच्या चित्रकारांना ही चैन नव्हती.

मात्र त्यांनी थोडक्या रंगांत काय साधलं, हे पाहायचं तर सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ पाहावं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हे दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र तैलरंगातलं असावं असं अनेकांना वाटतं आणि काही जण ते राजा रविवर्म्यांच्या नावावर टाकून मोकळे होतात. ते जलरंगातलं आहे. रंगांची दोनच कुळं डोळ्यांत भरतात: साडीचा थंड जांभळा आणि बोटांच्या फटींतून, चेहऱ्यावर आलेला दिव्याचा केशरी उजेड. समोरासमोरची दोन कुळं धरून ठेवली की उजेड आपोआप तापतो. व्यक्तिचित्रं करणाऱ्याने पेटी लावताना ‘स्किन टिंट’ नावाच्या ट्यूबेआधी या जोडीचा विचार करावा.

फुलं रंगवणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. पांगाऱ्याचा लाल किंवा बोगनवेलीचा किरमिजी मिसळून मिळत नाही, मिसळला की मेला. तिथे त्या छटेची एकाच पुडीची ट्यूब विकत घ्यावीच लागते. आपलं राज्यफूल ताम्हण रंगवायचं तर क्विनाक्रिडोन मॅजेंटा, म्हणजे पीआर १२२, आणि त्यात किंचित अल्ट्रामरीन. वहीत स्केच करत फिरणाऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सहा अर्धे पॅन आणि पाण्याचा ब्रश त्याला पुरतो. फक्त पेनची शाई पाण्यात न उतरणारी हवी.

जलरंगावरची पुस्तकं बहुतेक थंड देशांतली असतात, त्यामुळे हवामानाचा मुद्दा त्यांत येत नाही. मधावर बनवलेले काही परदेशी रंग ब्रशला लागताच विरघळतात, म्हणून लोकांना फार आवडतात. पण मध हवेतली ओल ओढतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात ते पॅनमध्ये भरले तर आठवडाभर चिकटच राहतात आणि पेटी पिशवीत उभी ठेवली तर पिवळा निळ्यात उतरतो. नागपूरच्या मे महिन्यात हेच रंग वरदान. ट्यूबेतून पॅन स्वतः भरणार असाल तर एकदम काठोकाठ भरू नका. रंग आकसतो आणि भेगा पडतात. दोन-तीन वेळा थोडा थोडा भरा, दर वेळी वाळू द्या. ५ मिलीच्या एका ट्यूबेत साधारण दोन अर्धे पॅन भरतात. आणि जून ते सप्टेंबर काम झाल्यावर पेटी ओली बंद करू नका. पंख्याखाली उघडी ठेवून मग मिटा, नाहीतर डिंकावर बुरशी धरते.

पद्धत निवडतानाही हे ध्यानात असू द्या. विदर्भातल्या उन्हाळ्यात ओल्यात ओलं काम करायचं तर कागद दोन्ही बाजूंनी भिजवावा लागतो. उलट जुलैतल्या रत्नागिरीत थर चढवणारा माणूस वाळायची वाट पाहून कंटाळतो आणि शेवटी हेअर ड्रायर काढतो.

पेटीचं अंगही बघा. नव्या प्लॅस्टिकच्या पॅलेटवर पाण्याचे थेंब होऊन पळतात आणि मिश्रण दिसतच नाही. थोडी टूथपेस्ट लावून हलक्या हाताने घासलं की पृष्ठभाग मंद होतो आणि रंग पसरतो. थॅलोचे डाग त्यावर राहतात ते राहतातच. इनॅमल लावलेला पत्र्याचा डबा टिकतो आणि पांढराशुभ्र असल्याने रंग खरा दिसतो. घरात बसून काम करणाऱ्याला चिनीमातीच्या पांढऱ्या जेवणाच्या ताटलीपेक्षा महागडं काही लागत नाही. खोलगट वाट्यांची गोल डिश शाळेत पोस्टर कलरसाठी ठीक होती. तिथे रंग एकमेकांकडे सरकवत न्यायला जागा नसते आणि जलरंगातल्या छटा त्या सरकवण्यातूनच येतात.

टिकाऊपणाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सरावाच्या कागदांना लागू नाही. चित्र भिंतीवर जाणार असेल किंवा विकलं जाणार असेल तर मात्र तो पहिला. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये विन्स्लो होमरचं १८८७ चं ‘फॉर टु बी अ फार्मर्स बॉय’ नावाचं जलरंगचित्र आहे. त्यातलं आकाश आज जवळजवळ कोरं दिसतं. तपासणीत तिथे उडून गेलेल्या लाल-नारिंगी रंगांचे अवशेष सापडले. होमरने रंगवला होता तो सूर्यास्त. या चित्राच्या पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, इंग्लंडमध्ये रसेल आणि अ‍ॅबनी यांनी जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा सरकारला सविस्तर अहवाल दिला होता, तेव्हा ही तक्रार आजची नाही.

आजही मूळ अलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, मिळतो आणि तो उजेडात उडतो. ऑपेरा पिंकसारखे झगमगणारे गुलाबीही तसेच. अमेरिकेतल्या एएसटीएमच्या प्रतवारीत १ आणि २ हे वर्ग चित्रकारांनी विश्वासाने वापरावेत असे मानले जातात. अलिझरिन चौथ्या वर्गात आहे. क्विनाक्रिडोनच्या कुळातला एखादा गडद लाल त्याचं काम करतो. घरच्या घरी तपासायचं तर आपल्या प्रत्येक रंगाची एक पट्टी एकाच कागदावर ओढा, पट्ट्यांचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत दिवाळीपासून पाऊस येईपर्यंत ठेवा. ट्यूबेवर टिकाऊपणासाठी छापलेल्या चांदण्यांपेक्षा तो कागद जास्त खरं बोलतो.

खरेदी करताना तयार पेटी घेऊ नका, सुट्या ट्यूबा घ्या. सुरुवातीला विद्यार्थी दर्जाचे रंग भरपूर आणि चित्रकार दर्जाचे रंग अजिबात नाहीत, असं करण्यापेक्षा चांगले सहाच रंग घेणं शहाणपणाचं. स्वस्त ट्यूबेत पूड कमी आणि भरणा जास्त असतो, त्यामुळे वाळल्यावर रंग फिका पडतो आणि माणूस थरावर थर देत सुटतो. उरलेले पैसे सुती कागदाला ठेवा, ३०० जीएसएमचा. रवाळपणा आणि ओल्यातलं काम दोन्ही कागदावर अवलंबून आहे. सहा रंगांची एकमेकांशी होणारी पंधरा मिश्रणं एका कागदावर काढून भिंतीला लावा. चित्र करताना वारंवार ज्या जागी अडतं, त्या जागेचा सातवा रंग घ्या. एखादी ट्यूब वर्षभर उघडलीच गेली नाही तर ती शेजारच्या एलिमेंटरीवाल्या मुलाला देऊन टाका, मात्र तिच्यावर कॅडमियम किंवा कोबाल्ट लिहिलेलं नसेल तरच, ते पोटात जाणं बरं नाही. आणि टोक काढण्यासाठी ब्रश ओठांत धरायची सवय असेल, तर या दोन कुळांतली एकही ट्यूब घरात आणण्याआधी ती सवय मोडा.